लडाखचा कुरव

थंडीच्या दिवसांत गेटवेहून मांडव्याला लाँच निघाली, की मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. प्रवासी गाठ्या उधळतात आणि पक्षी त्या वरच्या वर टिपतात. आपण सरसकट 'सीगल' म्हणून मोकळे होतो. यांतले बरेचसे असतात तपकिरी डोक्याचे कुरव.

पण डोकं तर पांढरंच दिसतं! हिवाळ्यात या कुरवाचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका. त्याच थव्यात काळ्या डोक्याचा कुरवही असतो आणि तोही या दिवसांत तसाच दिसतो. तेव्हा डोकं सोडा, पंख बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाची पंखटोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. दुसऱ्याच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरी असते. पक्षी बसलेला असेल तर डोळ्यात बघा: तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाची बुबुळं फिकट, दुसऱ्याची गडद. चोच आणि पाय दोघांचेही तांबडे. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी दिसली तर ते गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू समजावं.

आणि ते पिल्लू समुद्राकाठी जन्मलेलं नसतं. हे तपकिरी डोक्याचे कुरव वीण करतात तिबेटच्या पठारावर, मध्य आशियातल्या उंच तळ्यांकाठी आणि आपल्या लडाखमध्ये. त्सो कार, त्सो मोरिरी ही तळी समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांच्या आसपास! तिथे बेटांवर, पाणथळीत यांच्या वसाहती असतात. पाणी गोठण्याआधी ते खाली उतरतात. काही गंगेकाठी, मोठ्या जलाशयांवर थांबतात, बाकीचे किनारा गाठतात. खारं पाणी त्यांना बाधत नाही. डोळ्यांवरच्या ग्रंथी जादा मीठ नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात.

स्वभाव म्हणाल तर भांडखोर. हर्णैसारख्या बंदरात मासळी उतरू लागली, की टाकाऊ मासळीवर यांची झुंबड. दुसऱ्याच्या चोचीतला मासा पळवायलाही कमी करत नाहीत. एवढं आयतं मिळत असताना त्यांना तळलेलं फरसाण कशाला चारावं, हे मला तरी कळत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिसं बदलू लागतात आणि डोक्यावर कॉफीच्या रंगाची टोपी चढते, मानेकडे तिची कड जरा गडद. एप्रिल सरताना बहुतेक पक्षी निघून गेलेले असतात. म्हणजे ती टोपी पुरी चढलेली बघायची तर मार्चअखेरची लाँच पकडा.