केडगांवचें मुक्तिसदन

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी आगगाडी उरुळी मागें टाकून दौंडाच्या रोखानें निघाली, म्हणजे वाटेंत केडगांव नांवाचें स्टेशन लागतें. सह्याद्रीवर कोसळून रिकामे झालेले ढग या बाजूस येतात खरे, पण पुष्कळदां ते सांवली देण्यापुरतेच. भीमेच्या अलीकडे दौंड आणि पलीकडे शिरूर हे दोन्ही तालुके अवर्षणाचे. आज तेथें कालव्याचें पाणी आणि उंसाचे फड दिसतात. एकोणिसाव्या शतकांत तेथील कुणबी आभाळ आणि सावकार या दोघांच्या मर्जीवर जगत असे. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सावकारांविरुद्ध जो दंगा उसळला, तो पहातां पहातां भीमथडींत व शिरुरांतही पसरला. केडगांव त्या काळीं भीमथडी तालुक्यांतच मोडे. ज्या मुलुखांत धडधाकट गड्याचा संसार दोन कोरड्या वर्षांत उधळला जाई, तेथें निराधार विधवेचें किंवा पोरक्या मुलीचें काय होत असेल, हें सांगावयास नको.

अशा या माळावर पंडिता रमाबाईंनीं हजारों निराधारांचें एक कुटुंब उभें केलें. रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचें धर्मांतर आणि त्यावरून माजलेला वाद हीं सर्वांस ठाऊक आहेत. त्या मानानें केडगांवच्या कामाची माहिती सुशिक्षित घरांतूनही थोडी आढळते.

या कामाचें मूळ पुस्तकांत नसून भुकेंत आहे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, या अपराधाबद्दल लोकांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या रानांत बिऱ्हाड केलें. पुढें हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडूं लागलें. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळानें त्यांस गांठलें. गांठीचें होतें तें संपलें. मजुरी करण्याची संवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटे. आधीं वडील, मग आई, पुढें थोरली बहीण, अशीं एकामागून एक माणसें गेलीं. राहिलीं तीं रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवासशास्त्री. दोघें पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं आणि तेथील पंडितांनीं या मुलीस ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें. परंतु संस्कृताच्या अफाट पाठांतरानें पांच प्राण्यांच्या पोटाला भाकर मिळाली नव्हती, ही गोष्ट त्या विसरल्या नाहींत. पुढें त्यांनीं मुलींच्या हातीं पाटीबरोबर माग कां दिला, याचें उत्तर येथें सांपडतें.

भाऊ १८८० सालीं वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभीं वैधव्य आलें. पदरीं लहानगी मनोरमा. पुण्यास आर्य महिला समाज, मग इंग्लंड, तेथें १८८३ सालीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, नंतर अमेरिका. बॉस्टन येथील सहायक मंडळानें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत ‘शारदासदन’ उघडलें. तेथें आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढल्याच वर्षीं सदन पुण्यास आलें.

पुण्यांत तें फार दिवस सुखानें नांदलें नाहीं. धर्माच्या बाबतींत सदन तटस्थ राहील, या भरंवशावर पालकांनीं मुली पाठविल्या होत्या. कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, वर्तमानपत्रें कडाडलीं, आणि १८९३ सालीं रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूस झाले. बऱ्याच मुली काढून नेण्यांत आल्या. या वादांत एकच पक्ष खोटा होता असें म्हणतां येत नाहीं. ज्या बापानें आपली विधवा लेक विश्वासानें दुसऱ्याच्या हवालीं केली, त्याचें मन दुखावलें तर त्यांत नवल नाहीं; बाईंनींही आपल्या खोलीचें दार लावून प्रार्थना करावी असें त्यांस सांगणें सोपें नव्हतें. पण वादांत जितकी शाई खर्ची पडली, तितके पैसे त्या वेळीं विधवांच्या दुसऱ्या एखाद्या आश्रमास मिळाले असते, तर भांडणाचें निम्में कारणच उरलें नसतें!

अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षें संपत आलीं, तेव्हां सदनाला स्वतःचें कांहीं उत्पन्न असावें म्हणून बाईंनीं केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेतली. हेतु एवढाच, कीं फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी. त्या माळावर एक गांव वसेल, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून येणाऱ्या बातम्या ऐकून बाई स्वतः तिकडे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास घोटाळणाऱ्या मुलींवर टपलेलीं माणसेंही त्यांच्या दृष्टीस पडलीं. सुमारें तीनशें मुली त्यांनीं गोळा करून आणल्या. इकडे पुण्यांत प्लेग. शहरांत एवढी नवी माणसें ठेवूं देण्यास अधिकारी तयार होईनात. तेव्हां फळबागेचा तो माळच कामीं आला. तंबू आणि झोंपड्या यांवर आरंभ झाला, आणि १८९८ सालीं पक्की इमारत उभी राहिली. तिला नांव दिलें ‘मुक्ति’.

१९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां तिकडून आणखी लोंढा आला आणि केडगांवचीं माणसें एकोणीसशेंच्या घरांत गेलीं. घरीं दहा पाहुणे आले म्हणजे गृहिणीची किती तारांबळ उडते! येथें दोन वेळचीं मिळून तीन हजार आठशें पानें रोज मांडावयाचीं, आणि पाणी विहिरीचें. म्हणून आधीं विहिरी खणाव्या लागल्या. आलेल्या मुली उपासानें खंगलेल्या, कित्येकींस रोग जडलेले, पोटासाठीं खोटें बोलण्याची व हिसकावून घेण्याची संवय लागलेली. नुसत्या उपदेशानें त्या कशा वळणावर येणार? शारदासदनांत शिकून तयार झालेल्या विधवा येथें शिक्षिका झाल्या. काल ज्यांस घरांत अशुभ मानून कोपऱ्यांत बसविलें होतें, त्यांच्यावर आज पोरक्या मुलींस न्हाऊंमाखूं घालण्याची आणि अक्षर शिकविण्याची जबाबदारी आली. मुक्तिसदनाचें खरें रहस्य या एका योजनेंत आहे. ज्यांना कुटुंब उरलें नव्हतें, अशा दोन तऱ्हेच्या माणसांस बाईंनीं एकमेकांच्या स्वाधीन केलें.

काम प्रत्येकीस होतें. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुधाचीं जनावरें, शेत, बाग, धोबीकाम, आणि छापखाना. टाईप जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सारें स्त्रिया करीत. आंधळ्या मुलींकरितां बोटांनीं वाचण्याची ब्रेल लिपि मनोरमाबाईंनीं स्वतः शिकून आणली व शिकविली. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन, म्हाताऱ्यांसाठीं प्रीतिसदन, मुलग्यांसाठीं सदानंद सदन, अशीं निरनिराळीं घरें झालीं. कृपासदन उघडण्यास धैर्य अधिक लागलें असलें पाहिजे. विधवेची कींव करणारेही तसल्या बाईस उंबऱ्याशीं उभें करीत नसत. याच सुमारास भीमेपलीकडे शिरुरास अमेरिकन मराठी मिशनचीही उद्योगशाळा चालत असे. पण तिचें स्वरूप शाळेचें, केडगांवचें घराचें.

हें घर ख्रिस्ती होतें, ही गोष्ट झांकण्याचें कारण नाहीं. केडगांवीं आल्यावर तटस्थतेचें बंधन उरलें नाहीं आणि बहुतेक मुलींनीं तोच धर्म घेतला. ज्या मुलीला दुसरा आसराच नाहीं, तिच्या निवडीस निवड म्हणावें काय, हा प्रश्न त्या वेळीं विचारला गेला आणि आजही विचारण्याजोगा आहे. मात्र तो विचारणाऱ्यानें त्याच रस्त्यावर दुसरें दार उघडून दाखविणें हें अधिक चांगलें उत्तर होय, आणि तें पुण्यांत एका गृहस्थानें दाखविलें. शारदासदनाच्या त्या पहिल्या विधवा गोदूबाई यांच्याशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला, १८९६ सालीं विधवांसाठीं संस्था काढली आणि पुढें ती हिंगण्याच्या माळावर नेली. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले या संस्थेसाठीं वर्गणी मागत गांवोगांव हिंडल्या. १९०९ सालीं पुण्याचें सेवासदनही निघालें. त्याच्या रमाबाई रानडे आर्य महिला समाजांतल्याच.

शेवटलीं वर्षें पंडिताबाईंनीं बायबलाच्या मराठी भाषांतरांत घालविलीं. त्यासाठीं हिब्रू आणि ग्रीक या भाषा उतारवयांत शिकल्या. मजकुराचे खिळे त्यांच्याच मुलींनीं जुळविले. १९२१ च्या जुलै महिन्यांत मनोरमाबाई वारल्या; संस्था पुढें चालविण्याची आशा त्यांच्यावर होती. नंतर नऊ महिनेही झाले नाहींत तोंच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, बाईंनीं केडगांवींच देह ठेविला. भाषांतराचें छापील पुस्तक १९२४ सालीं बाहेर पडलें.

भारत सरकारनें १९८९ सालीं त्यांच्या नांवाचें टपालतिकीट काढलें. केडगांवचें घर मात्र त्याच्या कितीतरी आधींपासून चालू होतें आणि आजही चालू आहे. दुष्काळांतून आलेल्या मुलींची ती पिढी केव्हांच संपली. आतां येणाऱ्या स्त्रिया व मुलें वेगळ्या संकटांतून येतात.