दम्याचे मूल आणि शाळा

(मंडळाच्या पालक-मेळाव्यातील भाषण)



मी वैद्य नव्हे; केंद्र सरकारच्या नोकरीपायी चार राज्यांतील शाळांची दारे ठोठावलेला एक बाप आहे. धाकट्या मुलास दमा असल्याने हा विषय घरातच शिकावा लागला.

दिवाळीच्या सुमारास दिल्लीत शेतातील पराळीचा, फटाक्यांचा आणि वाहनांचा धूर थंड, स्थिर हवेत जमिनीलगत कोंडतो. २०२४ च्या नोव्हेंबरात तर शाळांचे वर्ग घरूनच भरवावे लागले. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूर, धूळ, सर्दी किंवा धावणे यांनी त्या आकसतात. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा फवारा नेमाने घरी घ्यावयाचा. मूल बरे दिसू लागताच तो परस्पर बंद करण्याची आपली खोड घातक आहे. साल्ब्युटामॉलचा पंप मात्र मुलाच्या दप्तरातच हवा. मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद कपाटात तो असेल आणि किल्लीवाला शिपाई चहाला गेला असेल, तर उपयोग काय?

दम लागताच मुलाला आडवे निजवू नये, बसते ठेवावे. पंप हलवून स्पेसरमधून एका वेळी एकच फवारा, त्यावर चार-सहा श्वास, असे चार फवारे द्यावेत. चार मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा चार. तरीही उतार नसेल, बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. वाटेतही फवारे चालू ठेवावेत. घरघर एकाएकी थांबली आणि मूल गळून गेले, तर तो आराम समजू नये; हवा आत जाईनाशी झाल्याचे ते लक्षण असू शकते.

खेळाच्या तासाला अशा मुलांना झाडाखाली बसवून ठेवण्याची दया मला मुळीच रुचत नाही. दमा आटोक्यात असेल तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हे मूल खो-खोही खेळेल.

बदली झाली की आपण शाळेचा दाखला, गुणपत्रके जिवापाड जपून नेतो. त्यांच्या जोडीला डॉक्टरांच्या सहीचा एक कागद असावा : कोणते औषध, किती फवारे, कोणास कळवावे. तो वर्गशिक्षकांच्या हाती द्यावा, कचेरीत नव्हे. भाषेची अडचण निराळीच. आपले मूल ‘दम लागला’ म्हणते. नव्या गावच्या बाईंना ते कसे उमगावे? म्हणून चेन्नईस बदली झाली तेव्हा आम्ही मुलाला तमिळ आकडे शिकवण्याआधी एक शब्द घोकून घेतला : मूच्चुत्तिणरल.