दिलेली माहिती पुरेशी आहे का?

आज हिशेबाचं बोलायचं आहे, पण उत्तर न काढता सुटणाऱ्या हिशेबाचं. तुम्ही म्हणाल, हे काय नवीन? सांगतो.

आपल्या गटांमधल्या बऱ्याच जणींच्या मुली आता बीकॉम, बीएस्सी झाल्या आहेत. त्यातल्या काही एमबीएची प्रवेश परीक्षा देतात. आपल्या राज्याची सीईटी आहे, आयआयएमसाठी कॅट आहे, आणि बाहेरदेशी किंवा काही मोठ्या संस्थांत जायचं तर जीमॅट आहे. संध्याकाळी गटाच्या खोलीत या मुली अभ्यासाला बसतात, तेव्हा आम्ही समन्वयकही त्यांच्या पुस्तकात डोकावतो. त्यात एक प्रकार असा आहे की हुशार मुलीही तिथे अडतात. इंग्रजीत त्याला डेटा सफिशियन्सी म्हणतात. म्हणजे माहितीची पुरेशी-अपुरेशी. एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं. उत्तर काय ते विचारलेलंच नसतं. या विधानांवरून उत्तर काढता येईल का, एवढंच सांगायचं.

आपल्याच वहीतलं घ्या. प्रश्न : गटात बायका किती? पहिलं विधान : प्रत्येक सभासद महिन्याला २०० रुपये बचत करते. दुसरं विधान : महिन्याची एकूण बचत २,४०० रुपये होते. नुसत्या पहिल्यावरून कळत नाही, नुसत्या दुसऱ्यावरूनही नाही. दोन्ही जोडली की बारा. तेव्हा उत्तर ‘दोन्ही मिळून पुरेशी’. बारा हा आकडा लिहायचासुद्धा नाही. आकडा निघणार हे दिसलं की थांबायचं. मुलींना शाळेपासून शेवटपर्यंत गणित सोडवायची सवय असते, म्हणून त्या थांबत नाहीत आणि वेळ जातो. अलीकडच्या वर्षांत आपल्या सीईटीला २०० प्रश्न आणि १५० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. (नियम बदलत राहतात, त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघाच.)

जीमॅटमध्ये पाच पर्याय असतात आणि दरवेळी तेच : फक्त पहिलं पुरेसं, फक्त दुसरं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेशी, प्रत्येक एकेकटं पुरेसं, आणि दोन्ही मिळूनही अपुरी. पहिलं विधान पुरेसं निघालं की पाचातले तीन पर्याय तिथेच गळतात. नाही निघालं तरी दोन गळतात. दुसऱ्या परीक्षांत पर्यायांचा क्रम वेगळा असू शकतो, तेव्हा तो आधी वाचून घ्यायला मुलींना सांगा.

आता फसगती कुठे होतात ते. सगळ्यात जास्त होते ती ही : पहिलं विधान डोक्यात ठेवूनच दुसरं वाचलं जातं. प्रश्न असा समजा, पापडांची संख्या सम आहे का? पहिलं विधान : त्या संख्येला ६ ने भाग जातो. दुसरं : तिला ३ ने भाग जातो. ६ ने भाग गेला म्हणजे सम आहेच, पहिलं एकटंच पुरेसं. दुसरं वाचताना पहिलं हाताने झाकायचं. मग पापड ९ असतील की १२, सांगता येत नाही. म्हणजे दुसरं एकटं अपुरं. आम्ही मुलींना खरोखर हाताने झाकायला लावतो. हसतात, पण चुका कमी होतात.

दुसरी फसगत ‘नाही’ या उत्तराची. गटाच्या खात्यात ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक आहे का? विधान : शिल्लक ४०,००० पेक्षा कमी आहे. पुष्कळ जणी म्हणतात, शिल्लक नक्की किती ते कळलं नाही, म्हणून अपुरं. अगं, विचारलं काय आहे? जास्त आहे का, एवढंच. ‘नाही’ हे पक्कं उत्तर मिळालं. माहिती पुरेशी झाली.

तिसरी जरा बारकाईची आहे. एक किलो तूरडाळीचा भाव किती? पहिलं विधान : २ किलो डाळ आणि १ किलो साखर मिळून ३४० रुपये. दुसरं : त्याच भावाने ४ किलो डाळ आणि २ किलो साखर मिळून ६८० रुपये. दोन वस्तू, दोन विधानं, सुटलंच असं वाटतं. पण दुसरं म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे, नवीन काहीच सांगितलेलं नाही. दोन्ही मिळूनही अपुरी.

आणि याच्या उलटही होतं. २३ रुपयांच्या काही वह्या आणि २१ रुपयांची काही पेनं घेतली, तर वह्या किती? पहिलं विधान : एकूण १३० रुपये झाले. दुसरं : एकूण नग ६ आहेत. पुस्तकी मुलगी म्हणेल, दोन्ही लागतील. पण वही अर्धी मिळत नाही आणि पेनही. एक वही धरली तर १०७ उरतात, त्याला २१ ने भाग जात नाही. दोन धरल्या तर ८४ उरतात, बरोबर चार पेनं. तीन, चार, पाच धरून बघा, जमत नाही. म्हणजे पहिलं विधान एकटंच पुरेसं. दुकानात सुट्टे मोजणाऱ्या बाईला हे लवकर दिसतं असा आमचा अनुभव आहे.

आता हा प्रश्न परीक्षेबाहेर आणू, कारण आम्हाला तो तिथेच जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्षाचा व्याजदर किती? पहिलं विधान : १०,००० रुपये कर्ज, बारा सारखे हप्ते. दुसरं : हप्ता १,००० रुपये. दारात येणारा माणूस एवढंच सांगतो आणि वर म्हणतो, “ताई, फक्त दोन हजार जास्त.” पुरेसं आहे का? नाही. हप्ता महिन्याचा की आठवड्याचा? १०,००० हातात पूर्ण पडणार, की आधीच काही कापणार? हप्ता महिन्याचा आणि पैसे पूर्ण मिळाले असं धरलं, तरी वीस टक्के हा मूळ रकमेवर सरसकट लावलेला दर झाला. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, त्या उरलेल्या रकमेवर मोजलं तर दर वर्षाला पस्तीस टक्क्यांच्या आसपास जातो. हप्ते आठवड्याचे असतील तर त्याहून कितीतरी जास्त. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सूक्ष्म वित्त कर्ज देणाऱ्याने व्याज आणि सगळे आकार दाखवणारं माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं असतं. ते हातात येईपर्यंत अंगठा नाही आणि सहीही नाही.

मुलींसाठी अजून एक. एमबीए सीईटीचा पेपर इंग्रजीत असतो. गणित येतं पण ‘अलोन’, ‘टुगेदर’, ‘आयदर’, ‘निदर’ या चार शब्दांत गोंधळ होतो. ते भिंतीवर लिहून लावा. घरी आईने मराठीत प्रश्न घालावा, मुलीने पर्याय इंग्रजीत सांगावा. आईला उत्तर आलंच पाहिजे असं नाही. ‘का गं?’ एवढं विचारलं तरी मुलीला कारण सांगावं लागतं, आणि सांगताना तिची तिलाच चूक सापडते.

जाता जाता एक घरी न्या. शांताचं कर्ज कमलपेक्षा जास्त आहे का? पहिलं विधान : दोघींचं मिळून कर्ज १५,००० आहे. दुसरं : दोघींपैकी एकीचं ९,००० आहे. पुढच्या मासिक बैठकीत उत्तर सांगा, कारणासकट.