तोंडओळखीचे मोल



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर नोकरीच्या ओळखीपाळखीचा विषय कशाला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती गैर नाही. पण आपल्यासारख्या गावांतून दरसाल शेकडो मुलेमुली पदवीचा कागद हाती घेऊन बाहेर पडतात आणि पुढे कोणाला विचारावे हे न कळून घरी बसतात. अशा ठिकाणी या विषयाचा विचार चारचौघांत होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या भाषेत 'वशिला' आणि 'ओळख' असे दोन शब्द आहेत. व्यवहारात आपण त्यांची गल्लत करतो. योग्यतेची वास्तपुस्त न करता वरच्या हाताने जागा मिळवणे, हा वशिला. अमुक ठिकाणी माणूस हवा आहे ही वार्ता आपल्या कानी येणे आणि अमुक मनुष्य ते काम करू शकतो ही वार्ता तिकडे पोचणे, ही ओळख. वशिला निंद्य खराच. परंतु ओळखीवाचून जगाचा गाडा कधी चालला नाही. ज्याचा मामा पुण्यामुंबईच्या कंपनीत अधिकारी आहे, त्याला ही वार्ता घरबसल्या कळते. ज्याचे वडील शेतकरी किंवा एस. टी.त कंडक्टर आहेत, त्याला ती जाहिरात छापून आल्यावर, म्हणजे बहुधा सर्वांच्या मागून कळते. बुद्धी दोघांची सारखी. उणीव असते ती वार्तेची.

ही उणीव थोडीफार भरून काढणारे एक साधन आज आपल्या हाती आहे. लिंक्डइन नावाचे संकेतस्थळ रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २००२ च्या अखेरीस स्थापिले व ५ मे २००३ रोजी ते लोकांस खुले झाले. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २६ अब्ज डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले; २०२३ साली त्याच्या सभासदांची संख्या १०० कोटींवर गेली. एवढी किंमत कशाची? कोण कोणाला ओळखतो, याच्या नोंदवहीची. पण ती वहीत असून भागत नाही, वापरता आली पाहिजे.

ती कशी वापरावी हे समजण्यास मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा निबंध उपयोगी पडतो. बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावी ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांस त्याने विचारले, ज्याने तुम्हांला वार्ता दिली तो त्या काळात तुम्हांला कितीदा भेटत असे? वारंवार भेटत असे, म्हणजे आठवड्यातून निदान दोनदा, असे सांगणारे शेकडा १७ भरले. अधूनमधून भेटणारे शेकडा ५६. आणि वर्षातून एकदा किंवा तेवढेही न भेटणारे शेकडा २८! म्हणजे उपयोगी पडला तो जिवलग मित्र नव्हे, तर ज्याला आपण तोंडओळखीचा म्हणतो तो.

क्षणभर विचार केला तर यात नवल नाही. आपल्या जिवलग मित्राला जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. दोघांचा कट्टा एकच. तोंडओळखीचा मनुष्य दुसऱ्या कट्ट्यावर बसतो, म्हणून तिकडची बातमी तोच आणतो. ग्रॅनोव्हेटरचा नमुना लहान होता. पण २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी सभासदांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तो असा, की नोकरी मिळण्यास अगदी निकटची ओळख फारशी उपयोगी नाही आणि निव्वळ नावापुरतीही नाही. मधली, बेताची ओळख सर्वांत उपयोगी. ज्या धंद्यांत संगणकाचा वापर कमी, तेथे मात्र निकटचा माणूसच अधिक कामी येतो, असेही त्यात दिसले. तेव्हा घरच्या नातेवाइकांस विसरा, असे आम्ही म्हणत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. पहिली गोष्ट, आपले पान. नावाखालच्या मथळ्यास तेथे २२० अक्षरांची जागा असते. तेथे 'कष्टाळू', 'महत्त्वाकांक्षी' अशी विशेषणे लिहून काही साधत नाही, कारण ती सर्वच लिहितात. 'साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन हंगाम रसाची तपासणी केली', असे लिहिले की वाचणाऱ्यास माणूस दिसतो. आपल्याकडे स्वतःविषयी बोलण्याचा संकोच फार. तो चांगलाही आहे. पण दुकानावर पाटी लावणे ही काही बढाई नव्हे. पाटीवर असलेला माल दुकानात नसणे, ही बढाई.

दुसरी गोष्ट, ओळख कोणाशी करावी. दिसेल त्यास निमंत्रण धाडून हजारांचा आकडा जमवणे म्हणजे जत्रेतल्या गर्दीला सोयरे समजणे होय. त्यापेक्षा आपल्या कॉलेजचे पान उघडावे. तेथले माजी विद्यार्थी आज कोणत्या शहरात, कोणत्या कंपनीत, कोणते काम करतात, हे तेथे निवडून पाहता येते. त्याच बाकांवर दहा वर्षांपूर्वी बसलेला मनुष्य परका असूनही परका नसतो. मधली, बेताची ओळख ती हीच.

तिसरी गोष्ट, चिठ्ठी. निमंत्रणासोबत चार ओळी लिहिता येतात. 'साहेब, कोठेतरी लावून द्या' असे लिहिले की वाचणाऱ्यापुढे संकट उभे राहते. तो गप्प बसतो. त्याऐवजी, 'मी आपल्याच कॉलेजातून यंदा बी. एस्सी. झाले. आपल्या कामाला कोणती तयारी आधी लागते, एवढे सांगाल का?' असे विचारावे. याचे उत्तर पाच मिनिटांत देता येते, म्हणून ते मिळण्याचा संभव असतो. मिळाल्यावर आभार मानावे. सांगितल्याप्रमाणे काय केले ते दोन महिन्यांनी कळवावे. आणि आपल्याला न जुळणारी जागा दिसली तर ती ज्याला जुळेल त्यास सांगावी. देवघेव दोन्हींकडून झाली तरच ओळख टिकते.

सावधगिरीचे दोन शब्द. नोकरी देतो म्हणून जो आधी पैसे मागतो, तो नोकरी देणारा नव्हे. मग त्याच्या पानावर कितीही मोठ्या कंपनीचे नाव असो. आणि या संकेतस्थळावरून २०१२ साली लक्षावधी सभासदांचे पासवर्ड चोरीस गेले होते, हे ध्यानी ठेवून घरचा पत्ता नि जन्मतारीख तेथे मांडू नये.

शेवटी, जी मंडळी नोकरीधंद्यात स्थिरावली आहेत त्यांस आमची एक विनंती आहे. तोंडओळख ही दुहेरी वाट आहे. एका टोकाला विचारणारा असून भागत नाही, दुसऱ्या टोकाला उत्तर देणारा लागतो. गावातल्या एखाद्या अनोळखी मुलीची चार ओळींची चिठ्ठी आली तर ती बाजूला सारू नका. तिला वशिला नको आहे. वाट कोठून जाते एवढेच तिला विचारायचे आहे. ते सांगण्यास आपल्या खिशातले काही जात नाही, आणि तिच्या घरातली पहिली पगारी नोकरी कदाचित त्यातूनच उभी राहील.