पत्रांनी मिळविलेले पर्व

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात एखादे पद रंगले की प्रेक्षागृहातून ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे. गायक नट कथानक क्षणभर बाजूला ठेवी, तेच पद पुन्हा आळवी, आणि नाटक लांबत लांबत उत्तररात्रीपर्यंत जाई. नाटकाचा ओघ यामुळे तुटतो, अशी जाणकारांची तक्रार असे. रसिकांना तिची पर्वा नसे. आवडलेली वस्तू संपू नये, ही रसिकाची सनातन इच्छा आहे. ती पुरी झाली म्हणजे रसिक तृप्त होतो काय, आणि ती पुरविताना कलाकृतीचे भले होते काय, हे मात्र दोन निराळे प्रश्न होत. या प्रश्नांचा उलगडा करणारा एक प्रसंग अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या इतिहासात घडला. तो म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथामालिकेचे १९६८ साली सुरू झालेले तिसरे पर्व.

ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एन. बी. सी. या प्रक्षेपणसंस्थेने सुरू केली. तिचे जनक जीन रॉडनबेरी. तेविसाव्या शतकात ‘एंटरप्राइज’ नावाचे एक अंतराळयान अज्ञात ग्रहांच्या शोधात हिंडते आहे, अशी तिची मध्यवर्ती कल्पना. यानाचा कप्तान कर्क, भावनांना लगाम घालून केवळ तर्काने चालणारा परग्रहवासी स्पॉक, आणि चिडखोर पण कनवाळू डॉक्टर मॅकॉय या तिघांच्या संवादांत मालिकेचे खरे चैतन्य होते. परंतु प्रेक्षक तिच्याकडे ओढले गेले ते एवढ्यामुळेच नव्हे. त्या यानाच्या नियंत्रणकक्षात आफ्रिकी वंशाची उहुरा संदेशवहन सांभाळी, जपानी वंशाचा सुलू सुकाणूवर बसे, आणि १९६७ सालापासून त्याच्या शेजारी चेकॉव्ह हा रशियन तरुण दिसू लागला. अमेरिका आणि रशिया यांचे शीतयुद्ध ऐन भरात असताना, वर्णद्वेषाच्या ज्वाळांनी अमेरिकन शहरे होरपळत असताना, हे सारे लोक एका यानातून खेळीमेळीने प्रवास करीत होते. मानवजात आपसांत लढून नष्ट होणार नाही, असा दिलासा दर आठवड्याला घरबसल्या मिळत होता.

तथापि दिलाशाची मोजदाद करण्याचे यंत्र जाहिरातदारांजवळ नव्हते. किती घरांतून कार्यक्रम पाहिला जातो, एवढेच ते मोजीत, आणि त्या मोजणीत ‘स्टार ट्रेक’ मागे पडत होती. १९६७ सालच्या अखेरीस दुसरे पर्व चालू असतानाच मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा जॉन आणि बीजो ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. तिची शिस्त पाहण्याजोगी होती. प्रत्येकाने आपले पत्र आपल्याच शब्दांत लिहावे, छापील मजकुरावर केवळ सही करून धाडू नये, भाषा सभ्य असावी, आणि आणखी दहा जणांना पत्र लिहावयास सांगावे, असे तिचे स्वरूप होते. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील तंत्रविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी हाती मशाली आणि फलक घेऊन बरबँक येथील एन. बी. सी. च्या वास्तूवर मोर्चाही नेला.

डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या अवधीत सुमारे १,१६,००० पत्रे आल्याचे संस्थेने सांगितले. दंतकथेने हा आकडा पुढे दहा लाखांवर नेला. परंतु खरा आकडाही काही लहान नव्हे. शेवटी १ मार्च १९६८ रोजी त्या रात्रीचा भाग संपताच पडद्यावरूनच जाहीर करण्यात आले की, मालिका पुढे चालू राहील, आता कृपा करून पत्रे पाठवू नयेत. यावर लोकांनी काय करावे? त्यांनी आभाराची पत्रे धाडण्यास प्रारंभ केला.

येथवरची कथा विजयाची आहे. परंतु पत्रांनी मिळाले ते केवळ पर्व. ते कसे असावे हे ठरविण्याचा अधिकार पत्रांच्या पोटी आला नव्हता. प्रारंभी सोमवारच्या सायंकाळची सोयीची वेळ देण्याची भाषा होती. प्रत्यक्षात वाट्यास आली शुक्रवारी रात्री दहाची वेळ. ज्या विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला होता, ती तरुण मंडळी शुक्रवारी रात्री घरी कोठून सापडणार! या निर्णयाने खट्टू होऊन रॉडनबेरी दैनंदिन कारभारातून बाजूला झाले. निर्मितीची धुरा फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे आली, आणि हाती आलेला पैसाही पूर्वीपेक्षा कमी होता. परग्रहावरील वस्त्या उभ्या करण्यास पैसा लागतो. तो आटला की नवनवी विश्वे रोडावतात आणि पात्रे यानातल्या यानातच घोटाळू लागतात.

२० सप्टेंबर १९६८ रोजी बहुप्रतीक्षित तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग झळकला. त्याची कथा अशी: परग्रहावरील एक स्त्री स्पॉकचा मेंदू पळवून नेते, आणि डॉक्टर मॅकॉय कळीचे यंत्र हाती घेऊन स्पॉकचा मेंदूविरहित देह चालवीत मेंदूच्या शोधार्थ निघतात. ज्यांनी रात्री जागून पत्रे लिहिली होती त्यांच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. पुढे हा भाग चाहत्यांच्या मेळाव्यांतून थट्टेचा कायमचा विषय होऊन बसला. स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांनीही, त्याच्या चित्रीकरणाच्या वेळी आपल्याला ओशाळल्यासारखे वाटत होते, अशी कबुली पुढे आत्मचरित्रात दिली आहे.

चाहत्यांचा राग फ्रायबर्गर यांच्यावर निघाला. तो सर्वस्वी न्याय्य होता असे म्हणवत नाही. वेळ त्यांनी निवडली नव्हती, पैसा त्यांनी कापला नव्हता. शिवाय ते पर्व सारेच टाकाऊ होते असेही नाही. १० जानेवारी १९६९ रोजी दाखविलेल्या एका भागात परग्रहावरील दोन पुरुष येतात. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. भेद एवढाच की एकाची उजवी बाजू काळी, तर दुसऱ्याची डावी. या भेदापायी त्यांच्या ग्रहाची राखरांगोळी झाली आहे, आणि तरीही दोघे एकमेकांचा पाठलाग सोडीत नाहीत. बोध फार ठळक केला, असा आक्षेप या भागावर घेतला गेला. परंतु मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला वर्षही लोटले नव्हते, अशा काळात तो ठळक करणे अनावश्यक होते, असे कोण म्हणेल?

३ जून १९६९ रोजी मालिकेचा अखेरचा भाग दाखविण्यात आला. त्यानंतर सात आठवडेही झाले नाहीत तोच, २० जुलै रोजी, मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले. अंतराळप्रवासाचे स्वप्न दाखविणारी मालिका स्वप्न खरे होण्याच्या उंबरठ्यावर मालवली.

वरवर पाहता पत्रमोहिमेचे फळ आंबट निघाले. दुसऱ्या पर्वाअखेर मालिका थांबती, तर तिचे उत्तम तेवढेच मागे उरले असते, असे अनेकांना वाटे. परंतु येथे साध्या गणिताचा एक मुद्दा आहे. दोन पर्वांत मिळून ५५ भाग झाले होते. तिसऱ्या पर्वाच्या २४ भागांनी ही संख्या ७९ वर नेली. जुन्या मालिका विकत घेऊन रोज सायंकाळी दाखविणाऱ्या गावोगावच्या दूरचित्रवाणी केंद्रांना भागांचा भरपूर साठा हवा असतो. आठवड्याला पाच भाग दाखविले तर ५५ भाग अकरा आठवड्यांत संपतात. ७९ भाग जवळजवळ सोळा आठवडे पुरतात. नावडत्या तिसऱ्या पर्वाने साठा वाढविला आणि रोजच्या पुनःप्रक्षेपणाची वाट सुकर केली. शाळेतून परतलेली मुले सायंकाळी ती पाहू लागली, आणि जी मालिका चालू असताना अपुरी ठरली ती बंद पडल्यावर लोकप्रिय झाली.

जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे चाहत्यांचा मेळावा भरला. काही शेकडा लोक येतील अशी अपेक्षा होती. आले ते हजारोंनी. १९७६ साली चाहत्यांनी पुन्हा लेखण्या उचलल्या, आणि अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ-विमानाचे ठरलेले नाव बदलून ‘एंटरप्राइज’ असे ठेवण्यात आले. १९८० च्या दशकात भारतातील प्रेक्षकांनीही दूरदर्शनवर याच जुन्या यानातून प्रवास केला. १९८७ साली नवे यान आणि नवा कप्तान घेऊन दुसरी मालिका आली, तेव्हा जुन्या चाहत्यांनी नाके मुरडली. कर्कच्या जागी टक्कल पडलेला पिकार्ड त्यांना रुचेना. तीन वर्षांनी, १८ जून १९९० रोजी, तोच पिकार्ड शत्रूच्या हाती सापडलेला असताना पर्व संपले, आणि पुढे काय होते या काळजीत त्याच मंडळींनी २४ सप्टेंबरपर्यंतचे दिवस मोजून काढले. गंमत अशी की, तेही तिसरेच पर्व होते. यावेळी मात्र मालिकेने त्याच पर्वात आपली उंची गाठली होती.

रसिकाचा आग्रह कलाकृतीला प्रतिभा देऊ शकत नाही. पत्रांच्या राशीने लेखकाच्या लेखणीला धार येत नाही, की मनासारखी वेळ मिळत नाही. रसिक देऊ शकतो तो केवळ अवधी. त्या अवधीत कधी निकृष्ट काम होते, कधी उत्कृष्ट. १९६८ साली ज्यांनी पत्रे लिहिली त्यांना हवे होते तसे पर्व मिळाले नाही, हे खरे. पण त्यांनी मिळविलेल्या त्या रुक्ष २४ भागांच्या आधाराने मालिका तग धरून राहिली, आणि त्यांच्यापैकी कित्येकांची मुले ती पाहत वाढली. ‘वन्स मोअर’ची हाक गायकाच्या थकलेल्या गळ्याला बळ देत नसेल, परंतु त्या हाकेमुळे दिवे काही काळ जळत राहतात, आणि उशिरा आलेल्याच्याही कानी चार सूर पडतात.