संसाराच्या ओढीत परमेश्वराचे सान्निध्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा विषय शोधीत बसण्याची पाळी माझ्यावर आली नाही. गेली कित्येक वर्षे आपल्याच लोकांच्या तोंडून एक वाक्य माझ्या कानी पडत आहे: "देव नको असे नाही हो, पण सवड कोठे आहे?" हे म्हणणारे लोक नास्तिक नव्हेत. ते रविवारी मिस्सेला येतात, मुलांचे बाप्तिस्मे वेळेवर करतात, सणाच्या वर्गणीस कधी नाही म्हणत नाहीत. तथापि सोमवारची पहाट झाली की परमेश्वर देवळात राहतो आणि ते गाडीत असतात. मी स्वतः प्रपंचात बुडालेला मनुष्य आहे. धर्मगुरूंनी या विषयावर बोलावे ते निराळे आणि मी बोलावे ते निराळे. म्हणूनच बोलण्याचे धाडस करतो.

आपल्या वसईकडील माणसाचा दिवस कसा जातो ते आपणांस सांगावयास नको. विरारहून मुंबईस जाणारी पहिली लोकल गाडी १८६७ च्या एप्रिल महिन्यात सुटली. त्या काळी आपल्या वाडवडिलांची केळी, पाने, भाजी आणि फुले मुंबईस जात, आणि माणूस बहुधा वाडीतच राही. आज माणूसच मुंबईस जातो आणि भाजी बाहेरून येते! पहाटे चार वाजता उठून डबे भरणारी गृहिणी, साडेपाचच्या गाडीस लोंबकळणारा तिचा पती, रात्री नऊला परत येणारी त्यांची कन्या, आणि घरी एकट्याने जपमाळ ओढीत बसलेली आजी, असे आपले घर झाले आहे. या लोकांस 'प्रार्थनेस वेळ काढा' असा कोरडा उपदेश करणे म्हणजे तहानलेल्यास विहिरीचे वर्णन ऐकविण्यासारखे आहे.

मग करावे काय? या प्रश्नाचे एक उत्तर मला पॅरिस शहरातील एका मुदपाकखान्यात सापडले, ते आपणांपुढे ठेवितो.

सतराव्या शतकाच्या आरंभी लोरेन प्रांतात निकोलास एर्मां नावाचा एक गरीब मुलगा जन्मास आला. अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण वृक्ष पाहिला, आणि काही दिवसांनी यास पुन्हा पालवी फुटेल, फुले येतील, फळे धरतील, हा विचार मनात येताच परमेश्वराच्या सामर्थ्याची व कृपेची अशी काही प्रतीती त्यास झाली की ती जन्मभर पुसली गेली नाही. परंतु म्हणून तो लगेच साधू झाला नाही. तो शिपाई झाला, युरोपातील त्या तीस वर्षांच्या युद्धात जखमी झाला, पुढे एका धनिकाच्या पदरी चाकरीस राहिला. तेथेही, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, तो असा धांदरट की हातात येईल ती वस्तू फोडीत असे. १६४० मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाईट मठात व्रतबंधू म्हणून दाखल झाला आणि 'पुनरुत्थानाचा बंधू लॉरेन्स' हे नाव त्याने घेतले. मठात गेल्यावर आपल्या धांदरटपणाबद्दल चांगली शिक्षा मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याच्या वाट्यास स्वयंपाकघर आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वयंपाकाचे काम त्यास मुळीच आवडत नसे. आपण अशा मनुष्यांची चरित्रे वाचतो तेव्हा वाटते की यांस सर्व गोड लागत असावे. बंधू लॉरेन्स यांस ते काम नकोसे होते आणि ते त्यांनी सुमारे पंधरा वर्षे केले. तवा चुलीवर आहे, दहाजण दहा वस्तू मागत आहेत, धूर डोळ्यांत जात आहे. आणि हा मनुष्य अंड्याची पोळी उलथताना ती परमेश्वराच्या प्रीतीखातर उलथीत आहे. काम आटोपले की क्षणभर जमिनीवर डोके टेकीत आहे. प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळी देव जितका जवळ असे तितकाच भांड्यांच्या खडखडाटातही असतो, असे ते सांगत. एकदा त्यांस मठासाठी द्राक्षारस खरेदी करण्याकरिता बर्गंडी प्रांतात पाठविण्यात आले. व्यवहाराचे ज्ञान नाही, एक पाय लंगडा. नावेत चालता येईना म्हणून पिंपांवरून लोळत लोळत इकडून तिकडे जावे लागे! तरी निघताना परमेश्वरास त्यांनी एवढेच सांगितले की हे तुझे काम आहे. आणि काम नीट पार पडले. म्हातारपणी त्यांनी मठवासीयांच्या वहाणा शिवण्याचे काम केले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले.

ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिलेले नाही. त्यांनी मोठा ग्रंथही लिहिला नाही. बोफोर नावाच्या एका धर्मगुरूने १६६६ पासून त्यांच्याशी केलेली संभाषणे टिपून ठेविली, आणि काही पत्रे शिल्लक राहिली. त्यांचे जे लहानसे पुस्तक झाले ते कॅथलिकांप्रमाणेच प्रॉटेस्टंट बंधूंच्या घरीही आवडीने वाचले जाते. स्वयंपाक्याच्या पुस्तकाने पंथांच्या भिंती ओलांडाव्यात ही गोष्ट मला फार समाधानाची वाटते.

या बंधूंची रीत काय होती? रीत म्हणण्यासारखे त्यात फारसे काही नाही. दिवसातून अनेक वेळा, कामाच्या मधोमध, मनाने परमेश्वराकडे वळावयाचे. एखादा शब्द बोलावयाचा, किंवा तोही न बोलता नुसते पाहावयाचे. आणि विसर पडला तर? आपले सर्व उद्योग येथेच मोडतात. विसर पडला की आपण स्वतःवर रागावतो, आणि रागाच्या भरात 'आपल्याने हे व्हावयाचे नाही' असे म्हणून सोडून देतो. बंधू लॉरेन्स तसे करीत नसत. चूक कबूल करून, तुझ्या साहाय्याविना मी असाच वागणार, असे देवापाशी बोलून, ते शांतपणे पुन्हा कामास लागत. चित्त ताब्यात येण्यास त्यांस वर्षे लागली. मठातील पहिली काही वर्षे तर आपला नाश ठरलेला आहे अशा भयात त्यांनी काढली. तेव्हा आठ दिवस प्रयत्न करून निराश होणाऱ्यांनी जरा दम धरावा.

जिनिव्हाचे महागुरुस्वामी संत फ्रान्सिस दि सेल्स यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या भक्तिमार्गाच्या ग्रंथात हेच संसारी लोकांस समजाविले आहे. लहान मूल बापाबरोबर वाटेने चालताना एका हाताने कुंपणावरची रानफळे तोडते, परंतु दुसऱ्या हाताने बापाचा हात सोडीत नाही, आणि मधून मधून बापाच्या तोंडाकडे पाहते. फळे तोडू नका असे त्या साधूने सांगितले नाही, हे आपणां संसारी माणसांवर केवढे उपकार!

परंतु एका गैरसमजापासून सावध केले पाहिजे. 'काम हीच पूजा' हे वाक्य हल्ली फार स्वस्त झाले आहे. बंधू लॉरेन्स मठाच्या ठरलेल्या प्रार्थना चुकवीत नसत, मिस्साबलिदान सोडीत नसत. जो रविवारी वेदीपाशी येत नाही त्यास बुधवारी कचेरीत देव भेटेल, असे मला वाटत नाही. आणि दुसरे असे की, प्रत्येक काम पूजा होऊ शकत नाही.

आता मी मुख्य मुद्द्यास येतो. परमेश्वराचे स्मरण ठेवून अंड्याची पोळी उलथता येते, वहाणा शिवता येतात, गाडीत उभे राहता येते, हिशेबाच्या वह्या लिहिता येतात, तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी रात्र काढता येते. परमेश्वराचे स्मरण ठेवून खोटे वजन करता येत नाही. मोलकरणीचा पगार अडवून ठेविता येत नाही. लबाडीचा दस्तऐवज करता येत नाही. माझ्या पाहण्यात असे एक घर आहे. बाप वारला, जमिनीस सोन्याचा भाव आलेला, दोघा भावांनी बहिणीस जेवावयास बोलाविले, गोड बोलून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, आणि कागदात काय आहे ते तिला पुढे कित्येक महिन्यांनी कळले. त्या घरी पिढ्यान्‌पिढ्या संध्याकाळी वेदीपुढे मेणबत्ती लावून जपमाळ होत असे. त्या वर्षापासून ती बंद पडली. विचारल्यावर थोरल्याने उत्तर दिले, "वेळ मिळत नाही." दूरचित्रवाणीस वेळ मिळत होता, मोबाईलास मिळत होता. खरी गोष्ट अशी की क्रुसाखाली गुडघे टेकले म्हणजे बहीण आठवे. पुढे काय झाले ते सांगण्याचा मला अधिकार नाही. ती तिन्ही भावंडे हयात आहेत.

बंधुभगिनींनो, आपल्या सवडीच्या तक्रारीत असा एखादा कागद दडलेला नाही ना, हे ज्याचे त्याने पाहावे. पुष्कळांची तक्रार खरी आहे. श्रमाने थकलेल्या देहास परमेश्वर ओळखतो, नाझरेथात तो स्वतः सुताराच्या घरी राहिला. परंतु दिवसाच्या ज्या घटकेस परमेश्वराची आठवण नकोशी वाटते ती घटका तपासून पाहावी. अडचण बहुधा वेळेची नसून त्या घटकेत आपण जे करीत आहो त्याची असते. जवळ असलेला देव व्यवहारात हात घालतो, हे त्याच्या सान्निध्याचे मोल आहे, आणि ते मोल द्यावयाचे नसेल तर सवड मिळूनही उपयोग नाही.

ज्यांच्या मार्गात असा कागद नाही, केवळ धांदल आहे, त्यांच्यासाठी ख्रिस्तसभेने फार पूर्वीच एक युक्ती करून ठेविली आहे. ती म्हणजे आंजेलुसची घंटा. संध्याकाळची घंटा होताच 'नमो मरिया' म्हणण्याची चाल तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी वाढविली. १३१८ साली पोप बाविसावे योहान यांनी तिला मान्यता दिली. आणि १४५६ साली, तुर्कांचे सैन्य बेलग्रेडवर चालून आले असता, पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी मध्यान्हीची घंटा वाजविण्याचा आदेश दिला. अशा रीतीने सकाळ, दुपार, संध्याकाळ या तीन खुंट्यांस दिवस टांगला गेला. ज्याच्यापाशी घड्याळ नाही, ग्रंथ नाही, अक्षरओळखही नाही, त्यासही देवाचे बोलावणे शेताच्या बांधावर येऊन पोहोचे.

फ्रेंच चित्रकार मिले याचे 'आंजेलुस' नावाचे एक चित्र आहे, १८५७ ते १८५९ या काळातले. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते ठेविलेले आहे, आणि त्याची छापील प्रत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बटाट्याचे शेत, संध्याकाळचा प्रकाश, जमिनीत रोवलेला काटा, पायांशी टोपली, आणि माना खाली घालून उभे असलेले दोन कष्टकरी जीव. दूरवर देवळाचे शिखर. शेतात काम करीत असता घंटा ऐकू आली की आपली आजी सर्वांस थांबवून मृतांसाठी प्रार्थना करावयास लावीत असे, त्या आठवणीतून हे चित्र सुचले असे मिलेने लिहून ठेविले आहे. त्या दोघांनी काम सोडलेले नाही, आणि टोपलीही घरी नेलेली नाही. फक्त हात थांबले आहेत. एवढे थांबणे आपणांस कोणत्या कचेरीने मना केले आहे?

आपल्या भागातील घंटांचाही इतिहास आहे. १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडल्यावर येथील देवळांच्या पुष्कळ घंटा मराठ्यांच्या फौजेने नेल्या, त्यांतील काही आजही महाराष्ट्रातील मंदिरांत वाजतात. तेथेही त्या माणसांस प्रार्थनेसच बोलावीत असतील. आमच्याकडे घंटा आहे, पण दुपारची घंटा ऐकणारे दुपारी गावात नसतात. म्हणून आता प्रत्येकाने आपली घंटा आपण नेमून घ्यावी. गाडी वसईची खाडी ओलांडते तेव्हा पुलाचा आवाज बदलतो, तो ऐकून एक 'नमो मरिया' म्हणावी. भाकरी तव्यावर टाकताना म्हणावी. यंत्र चालू करताना, दुकानाचे दार उघडताना क्रुसाची खूण करावी. त्याच गाडीत आपले हिंदू शेजारी टाळ घेऊन भजने म्हणत कामावर जातात, तेव्हा आपल्यास दहा बोटांवर जपमाळ मोजण्याची लाज का वाटावी?

आणि घरात सर्वजण एकत्र येण्याचा जो काही एक क्षण उरला असेल, मग तो रात्री साडेनऊचा का असेना, तेवढ्यापुरती आजीस एकटी बसू देऊ नये. पाच दशके होत नसतील तर एक करावे. मुले पेंगतील, पेंगू द्यावीत. बंधू लॉरेन्स यांचेही चित्त प्रार्थनेत भटकत असे.

शेवटी एक निवेदन. सकाळची व सायंकाळची घंटा आपल्या देवळात चालूच आहे. महोत्सवाच्या या वर्षी मध्यान्हीची घंटाही पुन्हा नियमाने वाजवावी अशी विनंती मी आपल्या फादरांस केली होती. ऐकणारे थोडे असले तरी घरच्या आजारी व वृद्ध माणसांस ती ऐकू येईल. फादरांनी आनंदाने होकार दिला आहे. मात्र घंटेचा दोर जुना झाला असून तो आधी बदलावा लागेल, असे त्यांनी सांगितले. ज्यांस त्या खर्चास हातभार लावावयाचा असेल त्यांनी मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत भेटावे.