पाठीचा कणा आणि शस्त्रवैद्य

पाठीच्या कण्याचे विकार आणि त्यांवरील शस्त्रक्रिया हा आजचा विषय. एकाच आठवड्यांत माझ्याकडे आलेल्या दोन रोग्यांची हकीकत सांगून त्यास आरंभ करतों.

पहिला कोंकणांतला एक तेवीस वर्षांचा तरुण. आंबे उतरवितांना तो झाडावरून पाठीवर पडला. तो शुद्धींत होता. पाय बधिर वाटतात असें म्हणत असला तरी पायांचीं बोटें हालवीत होता. शेजारचे चारचौघे धांवत आले. एकानें बगलेंत हात घातले, दुसऱ्यानें पाय धरले, मधली कंबर तशीच लोंबकळत राहिली, आणि रिक्षांत बसवून त्यांनीं त्याला तालुक्याच्या गांवीं नेलें. माझ्यापर्यंत तो पोंचला तेव्हां कमरेखालीं ना हालचाल होती, ना संवेदना.

दुसरे गृहस्थ एका कचेरींतले अधिकारी. घरांतली जड पेटी उचलतांना पाठींत उसण भरली, त्याला आठ दिवस झाले होते. पायांत जोर शाबूत होता, लघवीची तक्रार नव्हती, दुखणें उतरणीला लागलें होतें. पण हातांत एम्. आर्. आय्. चित्रांचें मोठें पाकीट होतें, आणि "चकती सरकली आहे, तर ऑपरेशन केव्हां करतां?" हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता.

कण्याच्या बाबतींत घरोघरीं होणाऱ्या चुका बहुधा या दोन प्रकारच्या असतात. जेथें तास मोजावयाचे तेथें दिवस दवडले जातात, आणि जेथें कांहीं आठवडे धीर धरावयाचा तेथें उतावळेपणा होतो. घाई कोठें आणि धीर कोठें, एवढें आज आपल्या ध्यानांत राहिलें तरी माझ्या बोलण्याचें सार्थक झालें.

जुन्या घरांतली मडक्यांची उतरंड आपण पाहिली असेल. कण्याची रचना कांहींशी तशीच आहे. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्या खालचे मणके एकमेकांस जुळून गेलेले असतात. वरचे पहिले दोन सोडले तर प्रत्येक दोन सुट्या मणक्यांमध्यें एक लवचीक गादी असते. तिलाच आपण चकती म्हणतों. उतरंडींतलीं मडकीं नुसतीं ठेवलेलीं असतात. येथें मणके सांध्यांनीं व चिवट बंधांनीं बांधलेले असल्यामुळें आपण वांकतों, वळतों, तरी कोसळत नाहीं. मणक्यांच्या मागील बाजूच्या कड्या एकीखालीं एक येऊन जी नळी तयार होते, तींतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु खालीं उतरतो. तो जेमतेम करंगळीएवढा जाड असून मोठ्या माणसांत कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीं संपतो. त्याखालीं मज्जातंतूंचा जो झुपका लोंबतो, त्याला शरीरशास्त्रज्ञांनीं घोड्याच्या शेपटाची उपमा दिली आहे. पायांचें बळ, कातडीची जाणीव, मलमूत्रावरचा ताबा, या साऱ्यांचे निरोप याच अरुंद वाटेनें जातात आणि येतात.

आतां या ठिकाणीं शस्त्रवैद्य काय करूं शकतो? त्याचीं कामें मुख्यतः तीन. हाड, चकती, पू किंवा गांठ यांखालीं दडपलेला मज्जारज्जु वा तंतु मोकळा करणें, हें पहिलें. डळमळीत झालेले मणके एकमेकांस बांधून स्थिर करणें, हें दुसरें. आणि वांकडा झालेला कणा शक्य तितका सरळ करणें, हें तिसरें. तुटलेला मज्जारज्जु सांधणें हें चौथें काम मात्र त्याच्या हातचें नाहीं. एडविन स्मिथ याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या इजिप्ती गुंडाळींत मान निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचें वर्णन आहे, आणि हा विकार उपचार करण्याजोगा नव्हे असा शेराही आहे. त्या शेऱ्यांतलें पुष्कळसें आज खोटें ठरलें आहे. परंतु मेलेला मज्जारज्जु पुन्हां जिवंत करण्याची विद्या अद्याप साधलेली नाहीं. म्हणूनच जो अजून जिवंत आहे त्याला वांचविणें, हें या शास्त्राचें मर्म होय.

प्रथम अपघाताचा विचार करूं. झाडावरून, गच्चीवरून किंवा वाहनावरून पडलेला माणूस मान वा पाठ दुखते म्हणत असेल, त्याच्या हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा तो बेशुद्ध असेल, तर त्याचा कणा मोडला आहे असेंच धरून चालावें. त्याला उठवून बसवूं नये. पाणी पाजण्यासाठीं मान उचलूं नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत एकानें दोन्ही हातांनीं डोकें आहे त्या स्थितींत धरून ठेवावें. हालविणें अगदींच भाग पडलें तर चौघापांचांनीं डोकें, खांदे, कंबर व पाय एकाच वेळीं, एका ओंडक्यासारखे वळवून त्याला फळीवर अगर दारावर घ्यावें. हें झाल्यावर मात्र क्षणाचाही विलंब नको. मानेंतील मज्जारज्जूला इजा झालेल्या रोग्यांचा एक मोठा अभ्यास २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. २४ तासांच्या आंत ज्यांचा मज्जारज्जु मोकळा केला, त्यांच्यांतील शेंकडा सुमारें २० जणांत सहा महिन्यांनीं ठळक सुधारणा दिसली. ज्यांची शस्त्रक्रिया त्यानंतर झाली, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ९ होतें. हा फरक पायांवर उभें राहणें आणि न राहणें यांतला असूं शकतो.

दुसरा प्रकार व्यंगांचा. आपल्या देशांत कुबडाचें एक मोठें कारण म्हणजे कण्याचा क्षय. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यानें १७७९ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून तो पॉटचा रोग या नांवानेंही ओळखला जातो. १९११ सालीं न्यूयॉर्क येथील हिब्ज व अल्बी या दोन शस्त्रवैद्यांनीं, एकमेकांहून निराळ्या रीतीनें, रोगट मणके हाडानें जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली; अल्बीनें तर त्यासाठीं रोग्याच्याच नडगीचा तुकडा वापरला. क्षयावरील औषधें निघाल्यावर मात्र सारें चित्र पालटलें. वाराणसीचे डॉक्टर तुली यांनीं १९७५ सालीं जो 'मधला मार्ग' मांडला त्याचें सार असें कीं, आधीं औषधें आणि विश्रांति. पाय लुळे पडूं लागले, गळूं निवेना किंवा औषधांना यश येईना, तरच शस्त्र. आजही बहुसंख्य रोगी नियमानें घेतलेल्या औषधांनींच बरे होतात. पण त्यासाठीं रोग वेळेवर ओळखला गेला पाहिजे. कित्येक आठवडे न थांबणारें, रात्रीं अधिक छळणारें पाठीचें दुखणें, जोडीला बारीक ताप आणि घटतें वजन, अशा वेळीं तेल चोळीत बसूं नये.

दुसरें व्यंग कण्याच्या आडव्या बांकाचें. तें बहुधा दहा ते चौदा वर्षांच्या वयांत, आणि वाढत जाणारा बांक मुलींत अधिक दिसतो. घरांत मात्र काय होतें? "ताठ बस, ताठ चाल," म्हणून मुलीला रागें भरतात. पुढें लग्नाच्या काळजीनें ती गोष्ट झांकून ठेवतात. श्रोतेहो, हा बांक बसण्याच्या संवयीनें येत नाहीं, आणि रागावण्यानें जात नाहीं. मुलीला पाय जुळवून, दोन्ही हात जोडून, कमरेंतून पुढें वांकावयास सांगावें आणि मागून पाहावें. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षां उंच दिसली, तर वैद्याकडे न्यावें. बांक अंशांत मोजतात. वाढत्या वयांत तो सुमारें २५ ते ४० अंश असेल तर पट्टा उपयोगी पडतो. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत पट्टा वापरणाऱ्यांपैकीं शेंकडा ७२ मुलांचा बांक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाहीं. नुसतें लक्ष ठेवलेल्यांत हें प्रमाण ४८ होतें. बांक ४५-५० अंशांपलीकडे गेला म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें डॉक्टर हॅरिंग्टन यांनीं पोलिओनें कणा वांकलेल्या मुलांसाठीं पोलादी दांडा व आंकडे बनविले, आणि १९६२ सालीं ती पद्धति प्रसिद्ध केली. आज मणक्यांत स्क्रू बसवून ते दांड्यांनीं जोडतात, आणि शस्त्रक्रिया चालूं असतांना मज्जारज्जूचे निरोप नीट पोंचत आहेत कीं नाहींत हें विजेच्या यंत्रावर पाहत राहतात.

तिसरा प्रकार झिजेचा. तो तर घरोघरचा. चकतीचा भाग बाहेर येऊन मज्जातंतु दाबला गेला म्हणजे कमरेपासून पावलापर्यंत कळ जाते. आपले वैद्य तिला गृध्रसी म्हणतात. बाहेर आलेली ही चकतीच या दुखण्याचें कारण असते, हें बॉस्टनच्या मिक्स्टर व बार या डॉक्टरांनीं १९३४ सालीं दाखवून दिलें. त्यापूर्वीं असे तुकडे गांठी समजले जात. पण चित्रांत चकती झिजलेली दिसली म्हणजे तीच दुखण्याचें मूळ, असें नव्हे. कसलीही तक्रार नसलेल्या माणसांच्या चित्रांतही वयाच्या विसाव्या वर्षीं शेंकडा ३७, आणि ऐंशीव्या वर्षीं ९६ जणांत झीज आढळते. केंस पिकतात, तशीच ही. तेव्हां वैद्यानें चित्रावर नव्हे, चित्राच्या धन्यावर उपचार करावयाचे असतात.

मग तीव्र कळ असलेल्यानें काय करावें? २००७ सालीं नेदरलंड्समध्यें अशा २८३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर लवकर शस्त्रक्रिया झाली त्यांची कळ लवकर थांबली. परंतु वर्षअखेर पाहतां दोन्ही गटांतले शेंकडा ९५ लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकीं शेंकडा ३९ जणांना मात्र पुढें शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे पाय लुळा नसेल तर येथें निवड रोग्याचीच आहे. म्हातारपणीं नळीच अरुंद होते, तिची गोष्ट निराळी. देवळापर्यंत जातां जातां पोटऱ्या भरून येतात आणि पायरीवर बसलें कीं बरें वाटतें. चालणें फारच आंखडलें, आणि व्यायाम व औषधें यांनीं भागेना, तर ही वाट रुंद करणारी शस्त्रक्रिया सत्तरीच्या माणसालाही गुण देते.

परंतु कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं तेथें धीर हाच अपराध ठरतो. लघवी अडणें किंवा नकळत होणें, जांघांमधली व बैठकीची जागा बधिर होणें, दोन्ही पायांतलें बळ जाणें, पाऊल लुळें पडून चप्पल गळणें. यांपैकीं कांहींही घडलें तर उद्यां पाहूं म्हणूं नये. तंतूंचा झुपका दाबला गेला असेल तर तो एका-दोन दिवसांच्या आंत, आणि जितका लवकर तितका बरा, मोकळा व्हावा लागतो. संकोचानें लघवीची तक्रार न सांगितल्यामुळें जन्माचें नुकसान झालेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत.

"मणक्याचें ऑपरेशन केलें कीं माणूस अंथरुणाला खिळतो," हें वाक्य आपण सर्वांनींच ऐकलें असेल. तें आज खरें नाहीं. बहुतेक रोग्यांना एका-दोन दिवसांत उठवून चालवितात. पण धोका मुळींच नाहीं असें सांगणाराही खरें बोलत नाहीं. जखमेंत पू होणें, तंतूला इजा होणें, स्क्रू ढिले पडणें, दुखणें तसेंच राहणें, हें क्वचित् घडतें. म्हणून शस्त्रवैद्याला निःसंकोचपणें विचारावें: मोकळें करणें, स्थिर करणें आणि सरळ करणें, यांपैकीं माझ्यासाठीं आपण काय करणार आहां? आणि मी थांबलों तर काय होईल? या दोन प्रश्नांचीं सरळ उत्तरें मिळालीं म्हणजे निर्णय सोपा होतो.

त्या अधिकाऱ्यांना मीं औषध, हालचाल आणि सहा आठवड्यांचा धीर सांगितला. ते चौथ्या आठवड्यांत पुन्हां कचेरींत जाऊं लागले. त्या तरुणाचा कणा मीं त्याच रात्रीं स्थिर केला; पाय परत आले नाहींत. चारचौघांनीं उचलण्यांतच त्याचा घात झाला असें छातीठोकपणें कोणालाही सांगतां येणार नाहीं. त्याच्या थोरल्या भावानें, ज्यानें बगलेंत हात घातले होते त्यानेंच, मला तें विचारलें तेव्हां मीं त्यालाही हेंच उत्तर दिलें. पण बोटें हालत होतीं, हें तो विसरूं शकत नाहीं. मीही विसरूं शकलों नाहीं.

पाय गेले म्हणून आयुष्य संपलें, असें मात्र समजूं नये. इंग्लंडांतील स्टोक मँडेव्हिल येथें डॉक्टर गुटमन यांनीं १९४४ पासून अशा रोग्यांना दर दोन तासांनीं कूस बदलून देण्यासारख्या साध्या शुश्रूषेनें जगविलें, आणि १९४८ सालीं १६ जणांना धनुर्विद्येच्या स्पर्धेंत उतरविलें. आपल्या सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं अधू झाले. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें त्यांनीं पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. तो तरुणही आतां चाकांच्या खुर्चींतून आंब्यांचा व्यापार पाहतो. गेल्या हंगामांत गांवांतला एक पोरगा झाडावरून पडला, तेव्हां यानें खुर्चींतूनच ओरडून लोकांना थांबविलें आणि घराचें दार काढून आणविलें. त्या पोराचा मणका मोडलेला होता. तो आज चालतो.